महामार्गावरून गेलेली गोळी

मालवण, देवगड, वेंगुर्ला, सावंतवाडी अशा पाट्यांच्या एसटी गाड्या संध्याकाळी मुंबई सेंट्रलच्या आगारातून सुटायच्या, तेव्हा फलाटावर उडणारी चाकरमान्यांची झुंबड पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही सिंधुदुर्गवाल्याला आठवत असेल. त्या आगाराच्या आसपासचा मुलूख नीट पाहिला, तर या लेखाची निम्मी गोष्ट तिथेच सापडते. बाहेर बेलासिस रोड. त्या रस्त्याने थोडं चाललं की कामाठीपुरा. त्यापुढे भायखळ्याकडे जे. जे. रुग्णालय. आणि त्याच बेलासिस रोडवर सिप्ला या औषध कंपनीचं जुनं मुख्यालय. आजार, दवाखाना, औषध आणि गावची गाडी ही सगळी चालत जाण्याच्या अंतरात होती. तरीही आजार त्या गाडीत लवकर चढला आणि औषध फार उशिरा.

आपला जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला आणि पुढच्याच जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. लालबाग-परळच्या खोल्यांत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने पथारी पसरायची, गावकरी मंडळाच्या गाळ्यात ट्रंक ठेवायची आणि शिमग्या-गणपतीला गावी यायचं, ही घडी तीन पिढ्या बसलेली होती. संपाने ती विस्कटली, पण मुंबई सुटली नाही. पुरुष तिकडे आणि बायका इकडे, हे जनगणनेतही दिसतं. २००१ साली सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या, २०११ साली १०३६. मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणून आपण जे कौतुकाने सांगतो, त्या कौतुकाची ही दुसरी बाजू. वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या नवऱ्याला त्याची बायको काय विचारू शकत होती आणि काय नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा मिळाला तो १९८६ साली चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी तिथल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासणीसाठी वेल्लोरला नेले आणि त्यांतले काही पॉझिटिव्ह निघाले. त्याच वर्षी मुंबईत डॉ. ईश्वर गिलाडा यांनी जे. जे. रुग्णालयात एड्सचं क्लिनिक सुरू केलं. औषध म्हणाल तर देशात काहीच नव्हतं. तपासणी होती, आकडे होते आणि भीती होती.

या भीतीचं सरकारी रूप आपल्या सीमेला लागूनच दिसलं. बांद्यावरून पत्रादेवी ओलांडली की म्हापसा काही लांब नाही. आपल्याकडचे लोक तिथल्या शुक्रवारच्या बाजाराला जातात, दवाखान्यालाही जातात. त्या म्हापशात १४ फेब्रुवारी १९८९ रोजी डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. गुन्हा काहीच नव्हता. तो नियमाने रक्तदान करायचा. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात त्याआधीच एक कलम घुसवलेलं होतं, की अशा माणसाला सरकारने वेगळं ठेवावं. म्हापशातल्या एका जुन्या, वापरात नसलेल्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये त्याला पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवलं. ६४ दिवस. क्षयाच्या जंतूंना जी जागा नेमून दिली होती, तिथे रक्तदान करणारा माणूस बसवला. त्याच्यापासून हवेतून काहीही पसरणार नव्हतं, हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही माहीत होतं.

त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. बाजू मांडायला लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर होते. डॉमिनिकची सुटका झाली, कायद्यातली सक्ती जाऊन तिथे सरकारची मर्जी आली. पण मूळ कलम घटनेला धरून आहे की नाही, या प्रश्नावर न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. व्यक्तीच्या हक्कापेक्षा समाजाचं हित मोठं, असा त्याचा सूर होता. डॉमिनिकने १९९२ च्या एप्रिलमध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि पुढच्याच महिन्यात तो गेला. ‘माय ब्रदर... निखिल’ हा २००५ सालचा हिंदी चित्रपट त्याच्या हकिकतीवरून सुचलेला. तो पाहून डोळे पुसणाऱ्या किती जणांना हे सगळं बांद्यापासून तासाभराच्या आत घडलं हे माहीत असेल, कोण जाणे.

ही हकिकत लांबवून सांगण्याला कारण आहे. प्रतिबंध म्हटलं की तेव्हाच्या सरकारच्या हातात दोनच गोष्टी होत्या, कुलूप आणि भित्तिपत्रक. बाधित माणसाला बंद करा, बाकीच्यांना घाबरवा. औषधाने लागण रोखता येईल हा विचार अजून जगातच नीट रुजला नव्हता. आणि रुजला असता, तरी ते औषध परवडलं कुणाला असतं?

एड्सवरचं पहिलं औषध झिडोव्हुडिन. अमेरिकेत त्याला १९ मार्च १९८७ ला मंजुरी मिळाली, तेव्हा एका वर्षाच्या उपचारांना आठ ते दहा हजार डॉलर पडत. आता पुन्हा बेलासिस रोडवर येऊ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली उभी केलेली सिप्ला तेव्हा त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद चालवत होते. केंब्रिजला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस. भारतात १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर तो बेतलेला. त्याचं मर्म थोडक्यात असं. औषध या वस्तूवर पेटंट नाही, ते बनवण्याच्या कृतीवर तेवढं पेटंट, तेही थोड्या वर्षांचं. म्हणजे तोच पदार्थ दुसऱ्या वाटेने बनवता आला तर बनवा आणि विका. हमीदांसारख्या देशी कारखानदारांनी या कायद्यासाठी जोर लावला होता, आणि त्यात त्यांचा धंदाही होता हे लपवण्यात अर्थ नाही. या गोष्टीत कुणी संत नाही. पण धंद्याचं हित आणि रोग्याचं हित एकाच बाजूला पडेल असा कायदा करता येतो, हे त्या कायद्याने दाखवून दिलं.

हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतले डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी झिडोव्हुडिन बनवायची कृती बसवून दिली आणि १९९३ साली सिप्लाने ते बाजारात आणलं. किंमत परदेशी भावाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, दिवसाला दोन डॉलरच्याही आत. हमीद सरकारकडे गेले. तुम्ही विकत घ्या आणि वाटा, म्हणाले. सरकारचं उत्तर होतं की पैसा आहे तो प्रतिबंध आणि तपासणीसाठी, औषधोपचारासाठी नाही. दिवसाला दोन डॉलर खिशातून खर्च करणारा रोगी त्या काळी मिळणार कुठून? जवळपास दोन लाख कॅप्सूल मुदत संपून टाकून द्याव्या लागल्या, असं हमीदांनी नंतर अनेकदा सांगितलं. ज्या रस्त्यावर कंपनीचं ऑफिस, त्याच रस्त्यालगतच्या गल्ल्यांत बायका मरत होत्या. आणि त्या कॅप्सूल कचऱ्यात गेल्या.

सरकारच्या उत्तरातला ‘प्रतिबंध’ म्हणजे अर्थातच पोस्टर. औषध हाच प्रतिबंध होऊ शकतो, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झालं. १९९४ साली अमेरिका-फ्रान्समधल्या अभ्यासाने दाखवलं की गरोदर बाईला आणि जन्मलेल्या मुलाला झिडोव्हुडिन दिलं, तर आईकडून मुलाला होणारी लागण दोन तृतीयांशाने कमी होते. फक्त ते महिनोन्‌महिने द्यायचं, बाळंतपणात शिरेतून द्यायचं, म्हणजे गरीब देशांच्या आवाक्याबाहेरचं. १९९९ साली युगांडातल्या कंपालाहून खरी बातमी आली. नेव्हिरापिन नावाच्या औषधाची एक गोळी आईला कळा सुरू झाल्यावर, आणि थोडं पातळ औषध बाळाला जन्मानंतर तीन दिवसांच्या आत. एवढंच. कमी मुदतीच्या झिडोव्हुडिनपेक्षा लागण जवळजवळ निम्म्याने कमी. खर्च चार डॉलर. एचआयव्ही रोखणारं, गरिबाला परवडणारं, खेड्यातल्या नर्सलाही देता येईल असं हे पहिलं औषध.

२८ सप्टेंबर २००० रोजी ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाच्या बैठकीत हमीदांना बोलायला मिळाली ती मोजकी मिनिटं. तेवढ्यात त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या. तीन औषधांचा वर्षाचा उपचार आठशे डॉलरला, सरकारांना सहाशेला. औषध बनवायची कृती मागेल त्या गरीब देशाला फुकट. आणि आईकडून मुलाला होणारी लागण रोखण्यासाठी नेव्हिरापिन फुकट. तेव्हा श्रीमंत देशांत हाच उपचार वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरचा होता. सभागृहातून कुणी हात पुढे केला नाही. पुढे किमतीचा प्रश्न नव्याने विचारला गेला. विचारणारे होते जेमी लव्ह नावाचे अमेरिकी कार्यकर्ते आणि ‘मेदसँ सां फ्रॉन्तिएर’ ही डॉक्टरांची संघटना. शेवटी ६ फेब्रुवारी २००१ रोजी सिप्लाने आकडा सांगितला, वर्षाला ३५० डॉलर. दिवसाला एक डॉलरही नाही. दुसऱ्या दिवशी ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर ३९ औषध कंपन्यांनी भरलेला खटला त्याच एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला.

सिप्लाची ‘ट्रायोम्यून’ नावाची गोळी याच वर्षीची. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन, तिन्ही एका गोळीत, सकाळी एक, संध्याकाळी एक. ही तीन औषधं तीन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांची. त्या एकमेकींना आपलं औषध मिसळू देईनात, म्हणून श्रीमंत देशांतला रोगी वेगवेगळ्या बाटल्या आणि घड्याळ सांभाळत बसे. भारतात पेटंट नव्हतं म्हणून तिन्ही एका साच्यात दाबता आली. आपल्याकडे स्वस्त म्हणजे हलकं असा एक समज घट्ट आहे, औषधाच्या दुकानात तर फारच. इथे स्वस्त गोळी महागड्यापेक्षा सोयीची निघाली.

या गोळ्या बनत कुठे? सिप्लाचा एक कारखाना पाताळगंगेला, रायगड जिल्ह्यात. एक दौंडजवळ कुरकुंभला. आणि एक गोव्यात वेर्ण्याला, झुआरी ओलांडली की लागणाऱ्या औद्योगिक वसाहतीत. मुंबईहून निघून गोव्याकडे जाणारा जो महामार्ग, पूर्वी १७ नंबरचा, आता ६६, तो पनवेलला पाताळगंगेच्या शेजारून सुटतो, खारेपाटणला आपल्या जिल्ह्यात शिरतो, कणकवली, ओरोस, कुडाळ करत बांद्याला बाहेर पडतो आणि म्हापशावरून वेर्ण्याला पोचतो. सावंतवाडी-दोडामार्गची पोरं रोज पहाटे मोटारसायकलने किंवा कंपनीच्या बसने गोव्यातल्या औषध कारखान्यांत कामाला जातात आणि रात्री परत येतात. आफ्रिकेतल्या लाखो लोकांना जगवणाऱ्या गोळ्या बांधून पेट्यांत भरणारे हात काही अंशी आपलेच आहेत. आपल्या दवाखान्यात ती गोळी कधी आली, हा प्रश्न वेगळा.

आली तीन वर्षांनी. आफ्रिकेत नाव झाल्यावर सरकारला जाग आली म्हणा किंवा कार्यकर्त्यांनी लावून धरलं म्हणा, १ एप्रिल २००४ पासून सहा राज्यांत मोफत उपचार सुरू झाले. महाराष्ट्र त्यांत होता, आणि सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत जे. जे. रुग्णालय होतं. मालवणच्या रोग्यासाठी याचा अर्थ दर महिन्याला मुंबईची वारी. आजारी माणसाने रात्रभर बसमध्ये बसायचं, रांग लावायची, गोळ्या घ्यायच्या, पुन्हा रात्रीची गाडी. कशासाठी गेला होतास याचं गावात उत्तर द्यायचं ते निराळंच. पुढे केंद्रं वाढत गेली, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातही एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं, केंद्र झालं. तोवर जे गेले ते गेले.

आईकडून मुलाला होणारी लागण रोखायचा कार्यक्रम मात्र उपचारांच्या आधी आला. २००० साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ११ मोठ्या रुग्णालयांत झिडोव्हुडिनने चाचपणी झाली, मग नेव्हिरापिन आलं आणि हळूहळू जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पसरलं. कागदावर किती सोपं! पण कोकणातल्या बाळंतपणाची रीत लक्षात घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदवलेलं असतं परळला किंवा डोंबिवलीला, रक्त तिथे तपासलेलं, समुपदेशक तिथली, आणि सातव्या महिन्यात पोरगी एसटीने येते देवगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर. तपासणीचा कागद पिशवीत सोबत असतो किंवा नसतो. असला तर तो दाखवायचा कुणाला? आईला? वहिनीला? प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स त्याच गावची, तिचं सासर दोन घरं सोडून. कळा सुरू झाल्यावर घ्यायची गोळी पदराच्या गाठीत बांधून आलेली बाई आणि ती गोळी घ्यायला लाजेपायी विसरलेली बाई, यांच्या मुलांच्या आयुष्यात केवढा फरक पडतो.

आणि गोळी घेतली तरी पुढे अंगावर पाजण्याचा प्रश्न होताच. दुधातूनही लागण होते, म्हणून वरचं दूध द्या, असा तेव्हा सल्ला असे. घरात बाळंतीण असताना, डिंकाचे लाडू आणि अळीव चालू असताना, ती मुलाला अंगावर का घेत नाही याचं काय कारण सांगायचं? दूध येत नाही म्हटलं की सासू चार उपाय करणार. शेवटी बऱ्याच जणी पाजत. या गाठी कुठल्याही प्रयोगशाळेत सुटणाऱ्या नव्हत्या. २०१४ पासून धोरणच बदललं. गरोदर बाई पॉझिटिव्ह आली की तिला लगेच तीन औषधांची गोळी सुरू करायची आणि ती जन्मभर चालू ठेवायची. आईच्या रक्तातला विषाणू दबला की मुलालाही धोका फारसा राहत नाही, पाजण्याचीही भीती जवळजवळ जाते. एका गोळीचं लपवणं संपून रोजच्या गोळीचं आयुष्य सुरू झालं. हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो.

दरम्यान दिल्लीत एक मोठा दरवाजा बंद होत होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून भारताला औषध या वस्तूवरच पेटंट द्यावं लागलं. मात्र कायदा बदलताना संसदेने त्यात कलम ३ (ड) घातलं. जुन्याच पदार्थाचं नवं रूप, नवा क्षार दाखवून पेटंट मागितलं तर तो जास्त गुणकारी आहे हे सिद्ध करा. शिवाय पेटंट मिळण्याआधीच त्याला विरोध नोंदवायची मुभा कुणालाही ठेवली. या मुभेचा उपयोग औषधाच्या धंद्यातल्या लोकांनी करणं साहजिक होतं. पण २००६ मध्ये एचआयव्हीग्रस्तांच्या संघटनाच पेटंट कार्यालयात हरकती घेऊन उभ्या राहिल्या. टेनोफोव्हिर या औषधावर गिलियड या अमेरिकी कंपनीने पेटंट मागितलं होतं. भारतीय पॉझिटिव्ह लोकांचं राष्ट्रीय नेटवर्क, दिल्लीचं नेटवर्क, ब्राझीलची एक संस्था आणि सिप्ला, सगळ्यांनी विरोध केला. सप्टेंबर २००९ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. गोळ्या खाऊन जगणारी माणसं त्या गोळीच्या रसायनशास्त्रावर लेखी युक्तिवाद करतात आणि जिंकतात! १९८९ मध्ये याच आजाराच्या माणसाला म्हापशात पहाऱ्यात बसवलं होतं. मधे वीस वर्षं गेली.

त्या टेनोफोव्हिरमधूनच पुढची गोष्ट निघाली. एमट्रिसिटाबिनबरोबर केलेल्या त्याच्या गोळीचं नाव ट्रुव्हाडा. २०१० साली नोव्हेंबरमध्ये आयप्रेक्स नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लागण नसलेल्या पुरुषांनी ही गोळी रोज घेतली तर लागण ४४ टक्क्यांनी घटते, आणि जे खरोखर नियमाने घेतात त्यांच्यात त्याहून कितीतरी जास्त. पाठोपाठ केनिया-युगांडातल्या अभ्यासात, एक जोडीदार पॉझिटिव्ह असलेल्या साडेचार हजारांहून अधिक जोडप्यांत, ही गोळी घेणाऱ्या निरोगी जोडीदारात लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली. हा दुसरा अभ्यास वाचताना मला आपल्या जिल्ह्याचीच आठवण येते. नवऱ्याला कंडोम वापर म्हणण्याची ज्या बाईची प्राज्ञा नाही, तिला स्वतःच्या हाताने, कुणाला न विचारता घेता येईल अशी ही गोष्ट. सगळीकडे ती यशस्वी झाली नाही हेही खरं. आफ्रिकेतल्याच दुसऱ्या दोन अभ्यासांत तरुण बायकांनी गोळ्या नेल्या पण घेतल्या नाहीत, रक्त तपासल्यावर ते कळलं. निरोगी माणसाला रोज औषध घ्यायला लावणं सोपं नसतं. घरात गोळ्यांची बाटली कुणी पाहिली तर तिला रोगीच समजणार, ही भीतीही आलीच.

१६ जुलै २०१२ रोजी अमेरिकेने ट्रुव्हाडाला प्रतिबंधासाठी मंजुरी दिली. पुढे तिथे तिची छापील किंमत महिन्याला दोन हजार डॉलरच्या घरात गेली. ब्रिटनमध्ये तर सरकारी आरोग्यसेवा खर्च कुणी करायचा यावर वाद घालत बसली. तेव्हा लंडनच्या ग्रेग ओवेन या बारमध्ये काम करणाऱ्या तरुणाने ऑक्टोबर २०१५ मध्ये एका मित्राबरोबर इंटरनेटवर एक साधी जागा उघडली. परदेशातून स्वस्त गोळी कायदेशीरपणे कशी मागवायची, एवढंच तिथे सांगितलेलं. त्याला स्वतःला ही गोळी हवी होती, पण तोवर त्याला लागण झालेली निघाली होती. तीन महिने पुरेल इतकं औषध स्वतःसाठी बाहेरून मागवायला ब्रिटनमध्ये परवानगी आहे. हजारो तरुणांनी मागवलं. काय मागवलं? सिप्लाची ‘टेनव्हिर-ईएम’. लंडनमधल्या डॉक्टरांनी त्यांच्या रक्तात औषध नीट उतरतंय का ते तपासलं, गोळ्या अस्सल निघाल्या. २०१६ मध्ये डीन स्ट्रीटवरच्या त्या शहरातल्या सर्वांत मोठ्या लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यात नव्या लागणी चाळीस टक्क्यांनी घटल्या. भरपूर तपासण्या आणि लगेच उपचार हीही त्याची कारणं होती, पण भारतातल्या गोळीचा वाटा कुणी नाकारत नाही. तिथल्या सरकारी सेवेत ती सगळ्यांना मिळायला २०२० उजाडलं.

म्हणजे बेलासिस रोडवरच्या कंपनीच्या गोळीने लंडनमधली साथ उतरवायला हातभार लावला. आता इथलं पाहू. कोलकात्यातल्या सोनागाछीत आणि म्हैसुरात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी हजाराहून अधिक बायकांना ही गोळी देऊन पाहिली आणि त्यांनी ती नेमाने घेतली. इतर काही संघटनांना धास्ती होती, की गोळी आली की कंडोमचा आग्रह सुटेल आणि गिऱ्हाइकाचं फावेल. ती धास्ती उगाच म्हणता येणार नाही. नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, पुढे मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण सरसकट मोफत मिळणाऱ्या औषधांत ही गोळी नाही. खाजगीत ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, महिन्याचा खर्च दोन हजार रुपयांच्या आगेमागे. त्याआधी एचआयव्ही, कावीळ ब आणि मूत्रपिंडाची तपासणी, दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मुंबई-पुण्यात ती लिहून देणारे डॉक्टर आहेत. मालवणात चिठ्ठी मागायची म्हटली तर आधी स्वतःबद्दल काय काय सांगावं लागेल, याचा विचार करूनच माणूस परत फिरेल.

लागेल कुणाला? महिनोन्‌महिने ट्रॉलरवर राहणारे परप्रांतातले खलाशी. मासळीचे ट्रक घेऊन रात्रीत गोवा-कर्नाटक गाठणारे चालक. तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांत आणि गोव्याच्या पट्ट्यात कामाला जाणारी पोरं. आपल्याला पुरुष आवडतात हे गावात उच्चारू न शकणारे तरुण. कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला, वाडीपर्यंत पोचायला त्याला अजून वेळ आहे. आणि पॉझिटिव्ह नवऱ्याची ती बायको, जी अजून निगेटिव्ह आहे.

एक गोष्ट मात्र ओरोसच्या दवाखान्यात आहे. नर्सला इंजेक्शनची सुई टोचली, किंवा कुणावर बलात्कार झाला, तर ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, गोळ्या सुरू करून २८ दिवस द्यायच्या, हा सरकारी नियम आहे आणि गोळ्या मोफत आहेत. त्या गोळ्यांत टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन असतं, सोबत डोल्युटेग्राव्हिर. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही जोडी आधीच घेतली तरी प्रतिबंधाला चालते, असं जागतिक आरोग्य संघटनाही मानते. म्हणजे फळीवर तीच औषधं आहेत. धोका होऊन गेल्यावर ती सरकार देतं. धोका रोजचा आहे असं कुणी आधी येऊन सांगितलं, तर त्याला औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवतं.

२०२४ साली लेनाकॅपाव्हिर या इंजेक्शनची बातमी आली. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचायचं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या अभ्यासात ते घेतलेल्या २१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजची गोळी नको, बाटली लपवायला नको. हेही गिलियडचंच. अमेरिकेत जून २०२५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली तेव्हा वर्षाची किंमत २८,२१८ डॉलर ठरली. त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गिलियडने सहा कंपन्यांना ते स्वस्तात बनवून गरीब देशांना विकायचा परवाना दिला होता. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, आणि पुण्याची एमक्युअरही आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरोने २०२७ पासून वर्षाला सुमारे चाळीस डॉलरला ते देऊ असं जाहीर केलंय. रुपयांत साडेतीन हजारांच्या जवळपास, म्हणजे सध्या दुकानातून दोन महिने गोळी घेण्याच्या खर्चापेक्षाही कमी. सहा महिन्यांतून एकदा टोचायचं असल्याने गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याला ते ओरोसला, नाहीतर कसाल तिठ्यावरून आत मालवणच्या ग्रामीण रुग्णालयातही घेता येईल. त्यासाठी ते आधी राज्याच्या खरेदीच्या यादीत यावं लागेल, आणि ती यादी मुंबईतच ठरते.